चार दहाचा बिघाड

ऑफिसात मला कानसेन म्हणतात. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना मोडेम जो चिरका आवाज करतो ना, तो ऐकून बिघाड कुठे आहे ते मी सांगतो. घरघर दोनदा आली तर कुठला तरी जोड सैल आहे. मागे खरखर असेल तर तारेत ओल शिरली आहे. आणि सगळं सुरळीत होऊन शेवटी कनेक्शन नाकारलं गेलं, तर गिऱ्हाइकाने पासवर्ड चुकवलाय आणि तो ते मरेपर्यंत कबूल करणार नाही. अशी तीन-चार हजार घरं मी पालथी घातली आहेत. फ्रिजवर मोडेम ठेवणारे, फोनची वायर दाराच्या फटीत चिरडणारे, एकाच लाइनला पाच फोन जोडून वर 'स्पीड का येत नाही' म्हणून माझ्यावर डोळे वटारणारे, सगळे पाहिले. सगळ्यांचं चालू करून दिलं.

ही फुशारकी नाही. माझ्या स्वतःच्या घरातला एक बिघाडही मी असाच कानाने पकडला आणि दुरुस्त केला. इतका पक्का दुरुस्त केला की त्यापायी माझी आई सत्तावीस तास फरशीवर पडून राहिली.

आधी आईचं सांगतो. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, सव्वीस वर्षं. ऐकण्याचा हा धंदा मी तिच्याकडूनच घेतला. चारला तिची ड्युटी संपायची. रजिस्टरवर सही, हेडसेट पुढच्या बाईच्या हातात, आणि मग चार वाजून दहा मिनिटांनी ती आमच्या घरी फोन लावायची. दोन रिंग वाजायच्या आणि फोन बंद. उचलायचा नाही, असा तिचा दंडक होता. दोन रिंग म्हणजे 'निघाले'. त्या ऐकल्या की मी धावत पसारा आवरायचो, वह्या उघडून बसायचो. ती दारात आली की माझ्याकडे बघून हसायची. तिला सगळं माहीत असायचं.

बाबा गेल्यावर ती तिच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. आमच्या शहरापासून बसने चार तास. मी तिला किती वेळा म्हटलं, "आई, चल आमच्याकडे." तिचं उत्तर ठरलेलं. "तुझ्याकडे येऊन काय करू? त्या मोडेमचं किंचाळणं ऐकत बसू?" शेवटी तिनेच तोडगा काढला. रोज चार दहाला ती आमच्या घरी दोन रिंग देणार. दोन रिंग म्हणजे 'आहे, ठीक आहे'. साडेचारपर्यंत रिंग आल्या नाहीत, तर आम्ही तिच्या खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांना फोन करायचा आणि ते वर जाऊन बघणार. मी म्हटलं, "अगं, मग दोन शब्द बोल तरी." तर म्हणाली, "रोज काय बोलायचं? रोज बोलायला लागलं की माणूस कुरकुरायला लागतं. दोन रिंग पुरेत. बोलायचं ते रविवारी."

हे चार वर्षं बिनबोभाट चाललं. मी चारला ड्युटीवर असायचो, बायको घरी असायची. संध्याकाळी मी पायातले बूट काढत असताना ती आतूनच सांगायची, "आईंची रिंग झाली हो." पुढे कधीतरी हे वाक्य घरात ऐकू येईनासं झालं. कधीपासून, ते मला आजही सांगता येत नाही.

बायकोला घरबसल्या काम मिळालं होतं. डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवतात, त्याच्या ध्वनिफिती इंटरनेटवरून यायच्या. कानाला हेडफोन लावून तिने ते टाइप करायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचं. पाच म्हणजे पाच. तीनदा उशीर झाला की काम बंद, असं त्यांनी पहिल्या दिवशीच लिहून दिलं होतं. लग्नानंतर तेरा वर्षांनी तिला स्वतःचं काहीतरी मिळालं होतं. ती टेबलापाशी ताठ बसून टाइप करायची, तेव्हा मला तिचा अभिमान वाटायचा. मध्येच दचकायला नको म्हणून दुपारी ती फोनची घंटी बंद करून ठेवायची. ते मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

सुरुवातीला काम थोडं होतं. साडेतीनलाच सगळं पाठवून ती मोकळी व्हायची. मग काम वाढलं आणि पाठवणं चारच्या पुढे जाऊ लागलं. तिथून कटकट सुरू झाली. फाइल ऐंशी टक्के जायची आणि कनेक्शन तुटायचं. पुन्हा जोडायचं, पुन्हा पहिल्यापासून. एकदा उशीर झाला. पंधरवड्याने दुसऱ्यांदा झाला.

"अख्ख्या गावाचे मोडेम दुरुस्त करत हिंडता," बायको म्हणाली, "आणि आपल्या घरचा? अजून एकदा उशीर झाला की माझं काम गेलं. मग बसते पुन्हा भिंतीकडे बघत."

हे मला झोंबलं. कानसेनाच्या घरात मोडेम चालत नाही म्हणजे काय! मी ते मनावर घेतलं.

पहिल्या आठवड्यात वायर बदलली. ऑफिसातला चांगला मोडेम आणून लावून बघितला. स्वयंपाकघरातला जोडफोन काढून टाकला. स्पीड मुद्दाम कमी करून बघितला, कारण हळू चालणारं कनेक्शन सहसा टिकतं. कॉम्प्युटरमध्ये मोडेमचा ड्रायव्हर प्रोग्रॅम पुन्हा टाकला. खाली जाऊन जिन्याखालची पेटी उघडली, त्यातल्या गंजलेल्या तारा कापून नव्याने जोडल्या. स्पीड वाढला, पण तुटायचं काही थांबेना. मग मी बायकोला एक वही दिली आणि सांगितलं, कधी तुटतं ती वेळ लिहून ठेव. आठ दिवसांनी वही बघितली. ४:१०. ४:१०. ४:११. ४:१०. ४:१४. ४:१०. रविवारी तिला सुट्टी, तेव्हा रकाना कोरा.

ही वही मी तीन आठवडे घेऊन हिंडलो. चार दहा, चार दहा असं पुटपुटत हिंडलो. चारला शाळा सुटतात, पोरं इंटरनेटवर बसतात, म्हणून ताण येत असेल. बिल्डिंगची लिफ्ट त्या वेळी सारखी वरखाली होते, तिच्या मोटरचा त्रास असेल. ४:१४ च्या पुढे मी पेन्सिलने 'लिफ्ट?' असं लिहूनसुद्धा ठेवलं. एक्सचेंजमधल्या माणसाशी भांडलो. शेजाऱ्याच्या मिक्सरवर संशय घेतला आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने मला पाणी दिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" ज्या वेळेला लहानपणी मी कान टवकारून बसायचो, ती वेळ स्वतःच्या घरच्या वहीत रोज लिहिलेली होती आणि मी मिक्सर तपासत होतो.

शेवटी एक दिवस अर्धी रजा टाकली. लाइन तपासायचा टेस्ट फोन आणला. तो तारेला चिमटे लावून जोडला की लाइनवर काय चाललंय ते गुपचूप ऐकता येतं. चार वाजता कानाला लावून बसलो. बायकोची फाइल चालली होती, कानात नुसती एकसुरी फुसफुस. चार दहाला त्या फुसफुशीत 'टुक' असा बारीक आवाज आला. क्षणभर लाइन गोंधळली. मग आणखी एकदा 'टुक'. मोडेमवरचा दिवा विझला.

"सापडलं!" मी ओरडलो. बायकोने हेडफोन काढले. "कॉल वेटिंग! आपण नेटवर असताना कोणीतरी फोन करतंय. त्याची सूचना म्हणून एक्सचेंज टुक वाजवतं आणि तेवढ्यानं मोडेम हबकतो."

"कोण करतंय फोन?"

"असेल कोणीतरी रिकामटेकडा. काहीतरी विकणारे असतात. वाजवतात आणि ठेवून देतात."

दोन टुक. मी मोजले होते. ज्या कानांनी सैल जोड ओळखले, त्याच कानांनी आईच्या दोन रिंग ऐकल्या आणि म्हटलं, रिकामटेकडा.

यावर दोन उपाय होते, तेही सांगून टाकतो. मोडेमच्या सेटिंगमध्ये एक आकडा असतो. सिग्नल हरवला तर फोन ठेवण्याआधी किती वेळ धीर धरायचा, तो. तो वाढवला असता तर मोडेमने टुकटुक सोसली असती आणि आईला पलीकडे रिंग जाताना ऐकू येत राहिली असती. पण तो उपाय शंभर टक्के नाही. कधी टिकतं, कधी नाही. मला पक्का इलाज हवा होता. म्हणून मी डायल करायच्या नंबरआधी एक छोटा कोड टाकला. त्याने नेटवर असेपर्यंत कॉल वेटिंग बंद राहतं आणि फोन करणाऱ्याला एंगेज टोन मिळतो. दुसऱ्या दिवशी चार दहा उलटून गेले आणि दिवा विझला नाही. बायको इतकी खूश झाली की तिने मला ऑफिसात फोन केला. "अहो, गेली! एका दमात गेली!" मी रात्रीपर्यंत स्वतःवर खूश होतो.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "दुपारी चारच्या सुमाराला तुमच्याकडे फोनवर कोण असतं रे?"

"फोनवर कोणी नसतं, इंटरनेट असतं. हिचं काम जातं त्यावरून." आणि मग मला राहवेना. "आई, तीन आठवडे डोकं पिकवलं त्यानं माझं. काम अर्ध्यावर असताना कोणीतरी फोन करायचं आणि सगळं तुटायचं. हिचं काम जायची पाळी आली होती. कोण प्राणी होता देव जाणे. आता पक्का बंदोबस्त करून टाकलाय."



"रोज तुटायचं?" तिने विचारलं.

"रोज. चार दहाच्या ठोक्याला."

"अगं बाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता नीट चालतंय ना तिचं?"

"एकदम."

"बरं झालं हो."

त्यानंतर दहा मिनिटं मी तिला स्पीडबद्दल सांगत होतो. कागदावर किती, प्रत्यक्षात किती, तारेची लांबी वाढली की किती घटतो. ती "हं, हं" करत राहिली. मला वाटलं, जुनी ऑपरेटर आहे, तिला यात रस आहे.

पुढचे दोन रविवार ती नेहमीसारखीच बोलली. त्यानंतरच्या मंगळवारी मला रजा होती. दुपारी मी बायकोच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. त्या दिवशी स्पीड असा आला होता की मी जन्मात पाहिला नव्हता. पडद्यावरची पट्टी सरसर पुढे सरकत होती. चार दहा झाले. मी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि बायकोला म्हटलं, "बघ. हूं की चूं नाही." ती हसली. आईला न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडून तेव्हा सात तास झाले होते.

बुधवारी दुपारी ऑफिसात टेलरकाकांचा फोन आला. बाई काल दूध घ्यायला आल्या नाहीत, आज पण नाही, म्हणून ते वर गेले. दार आतून बंद होतं. कडी तोडली. "खुब्याचं हाड मोडलंय," ते म्हणाले. "शुद्धीवर आहेत, पण अंग गार पडलंय. आणि एक विचारू का रे? तुमचं ते रिंगचं ठरलं होतं ना? मला वाटायचं, तुमचा फोन येत नाही म्हणजे वर सगळं ठीक आहे."

रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो आणि मला एकदम सगळं कळलं. चार दहा, दोन टुक, रविवारचा तो प्रश्न. तीन आठवडे मला जे शोधता आलं नाही, ते आईला माझ्या एका वाक्यावरून कळलं होतं.

बसमध्ये मी आणि बायको भांडलो. लोक बघत होते, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं.

"रिंग येत नाहीत हे तुझ्या लक्षात यायला नको?" मी म्हटलं. "घरी तू असतेस."

"आई कोणाची?" ती म्हणाली. "सुरुवातीला चार वाजता मी आठवणीने घंटी सुरू करून, हेडफोन काढून बसायचे. मग काम वाढलं, विसरले. विसरले मी, म्हणते ना! पण तुम्ही एकदा तरी विचारलंत? संध्याकाळी घरी आल्यावर एकदा तरी विचारलंत, आईंची रिंग आली का म्हणून? फाइल गेली का, एवढंच विचारायचात तुम्ही."

उरलेला रस्ता ती रडत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

दवाखान्यात आई पांढऱ्या चादरीखाली एवढीशी दिसत होती. मला बघून तिने हात हलवायचा प्रयत्न केला. मी तो हात धरला आणि सरळ विचारलं, "आई, तू रिंग द्यायची का बंद केलीस? मला सांगितलं का नाहीस?"

"अरे, तूच नाही का सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट, ऑपरेटरचे. "पाच दिवस एंगेज लागला, म्हणून मी विचारलं. तर तू म्हणालास, पक्का बंदोबस्त केलाय. मला वाटलं, तुला कळलंय मीच ती. तोंडावर म्हणायला जड जातंय, म्हणून असं आडून सांगतोयस. म्हटलं, पोरीचं काम महत्त्वाचं. मला काय होतंय?"

"आई, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला खरंच कळलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी उघडी वही घेऊन बसलेल्या मला बघून हसायची, तशी हसली. तिचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला कळलं नाही आणि आता कधी कळणारही नाही. मग तिने मागे उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "सूनबाई, आता तुटत नाही ना गं?"

"नाही, आई," बायको म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

नवव्या दिवशी छातीत कफ भरून आई गेली.

पुढे तिच्या खोल्या रिकाम्या करायला आम्ही गेलो. फोनखालच्या खणात एक लांबट रजिस्टर सापडलं, ऑफिसात असतं तसं, पट्टीने रकाने आखलेलं. चार वर्षांचा एकेक दिवस त्यात होता. ४:१०, दोन रिंग, ठीक. ४:१०, दोन रिंग, ठीक. माझ्या बॅगेत ती बिघाडाची वही अजून होती. मी ती काढून शेजारी ठेवली आणि बोट ठेवून वाचत गेलो. मिनिटाला मिनिट जुळत होतं. जिथे मी '४:१४, लिफ्ट?' असं लिहिलं होतं, तिथे तिने लिहिलं होतं, '४:१४, दूध उतू गेलं म्हणून उशीर. दोन रिंग, ठीक.' नंतर पाच ओळी नुसतं 'एंगेज'. त्यानंतर त्या रविवारची तारीख आणि पुढे तिच्या ठसठशीत अक्षरात दोन शब्द, 'सेवा बंद'. खाली सही.

बायकोने ते काम सोडलं नाही. मी सोड म्हटलं नाही, तिनेही विषय काढला नाही. घरी परतल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे नंबरआधीचा तो कोड काढून टाकला. आता कॉल वेटिंग दिवसभर सुरू असतं आणि फोनची घंटीही सुरू असते. बायको रोज चारला हेडफोन काढते, माझी सुट्टी असली तर मीही तिच्या मागे येऊन बसतो. फाइल जात असते. आम्ही दोघं मोडेमच्या दिव्याकडे बघत असतो. चार दहा होतात, चार अकरा होतात, चार चौदा होतात. कनेक्शन तुटत नाही.